कन्सेंट फॉर्म झाला, पण ती घरी गेल्यावर काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गर्भपातानंतर गर्भनिरोधक सुरू करणाऱ्या बायकांच्या मुलाखती घ्यायच्यात, मग सहा महिने दर महिन्याला फोन करून कोण चालू ठेवतंय, कोण सोडतंय आणि का सोडतंय ते बघायचंय, आणि एथिक्स कमिटीने, म्हणजे संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीने, प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) चौदा शंका काढून परत पाठवलाय. तुमचं म्हणणं की औषध देत नाही, रक्त घेत नाही, नुसते प्रश्न विचारतोय, कन्सेंट फॉर्मही (संमतीपत्र) जोडलाय, मग एवढं काय. आणि पुढे गाईड म्हणतायत तशी दोन पद्धतींची तुलना करणारी ट्रायल करायची झाली तर अजून काय काय लागेल.

मी बरीच वर्षं याच विषयात फील्डवर काम केलंय आणि आता काही वर्षं कमिटीच्या बाजूनेही बसते, म्हणजे शंका झेलल्यातही आणि काढल्यातही. खरं सांगते, चौदातल्या चार-पाच शंका फालतू असतील, व्हर्जनची तारीख टाका, पान नंबर टाका, कमिट्यांना हे फार प्रिय असतं. पण उरलेल्या बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरत असणार, फक्त कमिटीला ती एका वाक्यात मांडता आली नाही म्हणून तिचे नऊ तुकडे झाले. ती गोष्ट म्हणजे, तुमच्याशी बोलून ही बाई घरी गेली की तिचं काय होणार?

ब्लडप्रेशरच्या अभ्यासात धोका गोळीत असतो, सुईत असतो. आपल्याकडे तो बऱ्याचदा तिसऱ्या माणसात असतो, नवरा, सासू, आई, शेजारीण, वेटिंग रूममधली ओळखीची बाई. "नुसते प्रश्न विचारतोय" हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंत ना, तेच मीही लिहिलं होतं माझ्या पहिल्या फॉलोअप स्टडीत. आमची स्क्रिप्ट होती, नमस्कार, मी अमुक अभ्यासातून बोलतेय, तुम्ही मागच्या महिन्यात इंजेक्शन घेतलं होतं त्याबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. एका फोनला आवाज बाईचाच आला म्हणून आमच्या मुलीने पुढचं वाक्य बोलून टाकलं. आवाज नणंदेचा होता. घरात कुणालाच इंजेक्शनबद्दल माहीत नव्हतं. पुढच्या तारखेला ती बाई आली नाही, नंतर फोन बंद, आणि आम्ही रजिस्टरमध्ये "लॉस्ट टू फॉलोअप" (म्हणजे संपर्क तुटला) लिहून मोकळे झालो. महिन्याभराने तिची बहीण आली, तिने काय झालं ते सांगितलं नाही, एवढंच म्हणाली की तिला परत फोन करू नका. त्या अभ्यासाला कमिटीची मंजुरी होती, कन्सेंट फॉर्म चार पानी होता आणि त्यावर तिची सही होती.

तर फोनपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या अख्ख्या अभ्यासात सगळ्यात धोकादायक उपकरण तेच आहे.

नाव नोंदवताना नुसता नंबर घेऊ नका. फोन कुणाचा आहे, दिवसभर कुणाकडे असतो, कॉल रेकॉर्ड होतात का, मेसेज कुणी वाचतं का, कुठल्या वाराला किती वाजता बोलता येतं, दुसऱ्या कुणी उचलला तर आम्ही काय म्हणायचं, हे सगळं तिला विचारायचं आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. फोन लागल्यावर पहिलं काम ती तीच आहे याची खात्री करणं, त्यासाठी तिनेच ठरवलेला एखादा शब्द ठेवा, आणि मग "आत्ता बोलता येईल का" असं विचारायचं ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असू शकेल. पुढचे प्रश्नही होईल तेवढे हो-नाहीचे ठेवा, म्हणजे शेजारी कुणी बसलेलं असलं तरी तिला अडचणीचा शब्द तोंडातून काढावा लागणार नाही. अभ्यासाचं नाव कुठेही दिसेल अशा जागी साधं ठेवा, "महिला आरोग्य अभ्यास" वगैरे. हे खोटं बोलणं नाही का, असं एकदा एका सदस्याने मला विचारलं होतं. नाही, कारण खोटं तिच्याशी बोललं जात नाहीये, तिला सगळं माहीत आहे, आणि बाहेरच्याला आपण खोटी गोष्ट रचून सांगत नाही, फक्त सगळं सांगत नाही. हा फरक धरून ठेवा. उगाच "बँकेतून बोलतोय" वगैरे आयडिया कुणी सुचवली तर ती फेटाळा, उद्या तिलाच ते खोटं निभावत बसावं लागतं. आणि मेसेज, व्हॉट्सअ‍ॅप, रिमाइंडर हे सगळं डिफॉल्ट बंद, तिने मागितलं तरच चालू.

घरगुती हिंसाचारावरच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षेच्या शिफारशी काढल्या होत्या, तुमचा विषय हिंसाचार नसला तरी त्या वाचा, कारण त्या लिहिणाऱ्यांनी घराचा विचार केलाय. एका घरातून एकाच बाईची मुलाखत घ्या म्हणजे बाकीच्यांना प्रश्न कळत नाहीत, कुणी मध्येच खोलीत आलं तर विषय बदलायला दुसरे साधे प्रश्न तयार ठेवा, अशा गोष्टी त्यात आहेत. आम्ही मुलाखतकारांना ट्रेनिंगमध्ये हे करून दाखवायला लावतो, मध्येच दार उघडून आत जायचं आणि बघायचं की ती कशी वळवते. पहिल्या दिवशी सगळ्या जणी अवघडून गप्प बसतात. म्हणूनच प्रॅक्टिस लागते.

आता कन्सेंट. तुमच्या फॉर्मच्या डोक्यावर अभ्यासाचं पूर्ण नाव आहे ज्यात "गर्भपात" हा शब्द ठळक अक्षरात आहे, आणि खाली "एक प्रत सहभागी व्यक्तीस देण्यात येईल". म्हणजे नियम पाळायच्या नादात तुम्ही तिच्या पर्समध्ये असा कागद घालताय जो कुणाच्याही हाती लागू शकतो. प्रत देणं हा तिचा हक्क आहे, घरी नेलीच पाहिजे अशी सक्ती नाही. ती द्या, आणि "ही इथेच ठेवून जायची असेल तर आम्ही सांभाळू, कधीही मागू शकता" असं स्पष्ट म्हणा, सोबत साधं नाव आणि नंबर असलेलं छोटं कार्ड. त्याच्या पुढे जाऊन बघा की सही हवीच आहे का. अनेक अभ्यासांत त्या बाईचं नाव आणि तिचा गर्भपात या दोन गोष्टी एकत्र आणणारा जगातला एकमेव कागद म्हणजे आपला कन्सेंट फॉर्म असतो. अशा वेळी तोंडी कन्सेंट घेऊन तो मुलाखतकाराने किंवा साक्षीदाराने नोंदवायचा, बाईची सही नाही, ही सोय बऱ्याच नियमावल्यांत आहे, फक्त ती मागावी लागते आणि का हवी ते लिहावं लागतं. माझा अंदाज आहे की चौदातली एक शंका यावर असेल आणि तुम्हाला ती जाच वाटली असेल, प्रत्यक्षात तिथे तुम्हाला सूट मिळू शकते.

नवऱ्याच्या सहीचं तुम्ही विचारलंय, "सेफ साइडला घेऊन ठेवू का". कुणाच्या सेफ साइडला? सीआयओएमएस या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे अगदी सरळ लिहिलंय की बाईच्या स्वतःच्या संमतीची जागा दुसऱ्या कुणाचीही परवानगी घेऊ शकत नाही. तिला घरी चर्चा करायची असेल तर खुशाल करू दे, वेळ द्या, पण ते तिने ठरवायचं. नवरा किंवा जोडीदार स्वतः सहभागी असेल, म्हणजे वीर्याचा नमुना देणार असेल, त्याचे प्रश्न विचारणार असाल, तर त्याचा कन्सेंट वेगळा, त्याच्या हक्काचा. भ्रूण किंवा गर्भावरच्या काही विशिष्ट संशोधनात काही देशांचे नियम पित्याची संमतीही मागतात, ते त्या त्या ठिकाणी तपासा. तुमच्या अभ्यासात यातलं काहीच नाही.

दुसऱ्याने सही करण्याची सवय किती खोल असते बघा. भारतात २००९-१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये शाळकरी वयाच्या मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून बचावाची) देण्याचा एक प्रकल्प झाला, एप्रिल २०१० मध्ये तो थांबवला गेला, आणि नंतरच्या चौकशीत निघालं की आंध्रात कित्येक फॉर्मवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या नाहीतर मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. लस चांगली आहे की नाही हा मुद्दाच वेगळा, आज ती जगभर दिली जाते. पण मुलींना आणि घरच्यांना विचारलंच नाही की चांगल्या गोष्टीवरचाही विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला पुढच्या लोकांची वर्षं जातात.

फॉर्मपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही विचारणार कधी याची. तुम्ही लिहिलंय "प्रक्रियेच्या दिवशी, नोंदणीच्या वेळी". म्हणजे ती घाबरलेली आहे, रिकाम्या पोटी आहे, घरी काय कारण सांगून आलीय देव जाणे, आणि समोर जी नर्स आता तिला आत घेणार आहे तीच म्हणतेय की आमच्या अभ्यासात भाग घेता का. अशा वेळी हो म्हणणं म्हणजे संमती नसते हो, ती सुटका असते. माझ्या अनुभवात या टप्प्यावर बायका एकच प्रश्न विचारतात, कधी मोठ्याने, कधी मनात, "नाही म्हटलं तर माझं काम होईल ना?" तो प्रश्न तिने विचारायच्या आधी तुम्ही उत्तर द्यायचं. गर्भपाताचा निर्णय तिचा झालेला असला पाहिजे, गर्भनिरोधक कुठलं किंवा अजिबात घ्यायचं की नाही तेही तिचं ठरलेलं असलं पाहिजे, आणि मग, शक्यतो प्रक्रिया झाल्यावर, थोडी सावरल्यावर, उपचार न करणाऱ्या वेगळ्या व्यक्तीने अभ्यासाचा विषय काढायचा. यामुळे तुमचा आकडा कमी भरेल, भरू दे. प्रसूतीच्या अभ्यासांतही हेच होतं, कळा चालू असताना फॉर्म पुढे करतात, खरं तर ती माहिती गरोदरपणातल्या तपासण्यांच्या वेळीच दोन-तीनदा कानावर जायला हवी आणि प्रसूतीच्या वेळी फक्त "अजून तयार आहात ना" एवढंच उरायला हवं.

समजलं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. "तुमच्या बहिणीला हे समजावायचं तर काय सांगाल" असं विचारा आणि ऐका. अर्ध्या जणी सांगतील की या लोकांचे फोन घेतले की इंजेक्शन फुकट मिळतं. मग परत पहिल्यापासून.

ऐकण्यावरून आठवलं. गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी १९५६ मध्ये प्युर्टो रिकोत सुरू झाली. तिथल्या बायकांना गोळीने दिवस राहत नाहीत हे सांगितलं होतं, पण हा प्रयोग आहे हे नीट सांगितलं नव्हतं, आणि डोस आजच्या गोळीच्या कित्येक पट होता. तिथलं काम बघणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवलं की साधारण १७ टक्के बायकांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या असे त्रास होतायत आणि हे प्रमाण सर्रास वापरायला जास्त आहे. प्रमुख संशोधकांनी ते बरंचसं मनाचे खेळ म्हणून बाजूला टाकलं. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली आणि डोस कमी करायला पुढे बरीच वर्षं लागली. तुमच्या अभ्यासाचा विषयच "का सोडलं" आहे, तर कोडिंग करताना, म्हणजे उत्तरांची गटवारी करताना, "गैरसमज" नावाची बादली ठेवू नका. तुमच्या ड्राफ्टमध्ये ती आहे, मी बघितली. रक्तस्राव वाढला म्हणून सोडलं याला गैरसमज म्हणायचं नाही.

आणि खरं उत्तर मिळणं हे सुद्धा एथिक्सशी बांधलेलं आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. व्हॉइस नावाची एचआयव्ही प्रतिबंधाची मोठी ट्रायल झाली, दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेमधल्या ५,००० च्या वर बायका, निकाल २०१५ मध्ये छापून आले. बायकांनी सांगितल्याप्रमाणे औषध वापरण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास, रक्ताच्या नमुन्यांत औषध सापडलं ते २५ ते ३० टक्क्यांत. त्यांना खोटारड्या म्हणणं सोपं आहे. पण घरी ही एचआयव्हीची औषधं आहेत म्हणून संशय येणार, आणि "वापरत नाही" म्हटलं तर ट्रायलमधून काढतील आणि तिथे मिळणारी तपासणी जाईल ही भीती, अशात खरं कोण सांगेल? तुमच्याही फोनवर सहा महिन्यांनी "चालूच आहे" म्हणणाऱ्यांतल्या किती जणी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणतायत याचा विचार करा. प्रश्नाच्या आधीच म्हणा की पुष्कळ जणी सोडतात, सोडलं असेल तरी काही बिघडत नाही आणि सोडल्यावरही इथली सेवा तशीच मिळेल.

आता ट्रायलचं. इथे मी जरा कडक आहे.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओत एक अभ्यास जाहीर झाला. गोळीचे दुष्परिणाम किती खरे आणि किती मानसिक हे बघायचं होतं, म्हणून दवाखान्यात गर्भनिरोधक मागायला आलेल्या, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या गरीब बायकांपैकी काहींना न सांगता खोट्या गोळ्या दिल्या. सोबत गर्भनिरोधक फोम वगैरे वापरा म्हणून सांगितलं होतं म्हणे. त्यातल्या काहींना अर्थातच दिवस गेले. ती बाई आलीच होती ते दिवस जाऊ नयेत म्हणून! गर्भनिरोधकाच्या परिणामकारकतेच्या ट्रायलमध्ये प्लासिबो, म्हणजे अशी खोटी गोळी, देता येत नाही, कारण तिथे "काहीच नाही" या गटाची किंमत एक नको असलेलं गरोदरपण असते. तुलना करायची ती चालू असलेल्या चांगल्या पद्धतीशी.

मग दोन खऱ्या पद्धतींत चिठ्ठी टाकून वाटणी करता येते का? येते, पण घाम गाळून. एको नावाची ट्रायल झाली, निकाल २०१९ मध्ये आले, आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८०० हून जास्त बायका, तीन गट, डेपो हे दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन, कॉपर टी आणि दंडात त्वचेखाली बसवायचं इम्प्लांट. प्रश्न खरा होता, इंजेक्शनने एचआयव्हीचा धोका वाढतो का यावर कितीतरी वर्षं वाद चालू होता आणि निरीक्षणाच्या अभ्यासांतून तो सुटत नव्हता. तरी "बाईने पद्धत स्वतः निवडायची असते, ती चिठ्ठीवर कशी सोडता" हा आक्षेप आलाच आणि तो रास्त होता. उत्तर असं की ज्यांना तिन्ही चालतील अशाच बायका घ्यायच्या, आणि नंतर कधीही पद्धत बदलायची किंवा सोडायची मुभा, विनाप्रश्न. निकालात तिन्हींमध्ये मोठा फरक दिसला नाही, पण सगळ्याच गटांत नव्या एचआयव्हीचं प्रमाण वर्षाला १०० बायकांमागे ३.८ इतकं निघालं, आणि गर्भनिरोधनाच्या दवाखान्यात एचआयव्ही प्रतिबंधही द्यायला हवा हा मुद्दा त्यातून ऐरणीवर आला. तुमच्या ट्रायलमधली पद्धत दुसऱ्याने काढून द्यावी लागणारी, म्हणजे इम्प्लांट किंवा कॉपर टी, असेल तर एक गोष्ट प्रोटोकॉलमध्ये ठळक लिहा, ती म्हणेल त्या दिवशी काढून मिळेल, ट्रायल संपल्यावरही, पैसे न घेता, आणि काढणारी प्रशिक्षित व्यक्ती तिथे असेल. "जरा अजून एक महिना थांबा, सवय होईल" असं डेटा वाचवायला म्हणणारे मी पाहिलेत.

आधीच सिद्ध झालेला उपचार कंट्रोल गटाला, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाला, नाकारण्याचा वाद मोठा आहे, थोडक्यात सांगते. एचआयव्ही असलेल्या बाईला गरोदरपणात झिडोवुडिन हे औषध दिल्याने बाळाला एचआयव्ही होण्याचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांवरून ८ वर येतं हे १९९४ मध्ये कळलं होतं, तरी गरीब देशांत स्वस्त छोट्या कोर्सच्या चाचण्या प्लासिबोशी तुलना करून चालू राहिल्या, १९९७ मध्ये त्यावर जाहीर भांडण झालं, आणि ते तात्त्विक पातळीवर आजही पुरतं मिटलेलं नाही. मी कुठल्या बाजूची? "त्यांना नाहीतरी तिथे काहीच मिळत नव्हतं" हे वाक्य ज्या युक्तिवादात येतं त्या बाजूची नाही.

यापेक्षा वाईट म्हणजे उपचार असून न देता नुसतं बघत बसणं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदल असलेल्या कित्येक बायकांना पुरेसा उपचार न देता नुसतं तपासत ठेवलं होतं, त्यांना आपण अभ्यासात आहोत हेही माहीत नव्हतं. १९८७ मध्ये दोन लेखिकांनी मासिकात लेख लिहून ते बाहेर काढलं आणि पुढच्या वर्षी न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांचा अहवाल आला. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की अपुऱ्या उपचारांच्या गटात ३० वर्षांत साधारण ३० टक्के बायकांना कॅन्सर झाला, नीट उपचार मिळालेल्यांत एका टक्क्याहून कमी. यात कुणी सैतान नव्हता हो, आपलं मत बरोबर आहे याची पक्की खात्री असलेला एक वरिष्ठ डॉक्टर आणि त्याला अडवायला कचरणारे सहकारी होते. तुमच्या टीममध्ये "मॅडम, हे थांबवूया" असं म्हणायची सोय कुणाकडे आहे ते बघा. ट्रायलमध्ये त्यासाठी बाहेरची सेफ्टी कमिटी असते, आणि ती खरंच बाहेरची असावी, गाईडच्या मित्रांची नको.

दुसरं टोकही आहे. गरोदर बायकांना, किंवा दिवस राहू शकणाऱ्या सगळ्याच बायकांना, संशोधनातून बाहेर ठेवायचं म्हणजे आपण सुरक्षित, अशी समजूत. थॅलिडोमाइडमुळे १०,००० च्या वर मुलं व्यंग घेऊन जन्माला आली, ते १९६१ मध्ये मागे घेतलं, आणि त्यातून जगाने धडा काय घेतला, तर बायकांना ट्रायलमध्ये घेऊ नका. खरं तर ते औषध गरोदरपणात नीट न तपासताच विकलं गेलं होतं! अमेरिकेने १९७७ मध्ये दिवस राहू शकणाऱ्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं आणि ते धोरण १९९३ मध्ये मागे घेतलं. २०२० मध्ये कोविड लशींच्या मोठ्या ट्रायलमधून गरोदर बायका परत बाहेरच होत्या, मग लस आल्यावर डॉक्टर आणि बायका दोघंही अंदाजाने ठरवत बसले. डोल्युटेग्राविरचं अजून बोलकं आहे. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातून संकेत आला की गर्भधारणेच्या वेळी हे एचआयव्हीचं औषध चालू असलेल्या ४२६ प्रसूतींपैकी ४ बाळांत मेंदू-मज्जारज्जूचा जन्मजात दोष दिसला. लगेच काही देशांनी बायकांना ते देणंच थांबवलं किंवा आधी गर्भनिरोधक घ्या अशी अट घातली. आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका किगालीत जमल्या आणि म्हणाल्या, धोका सांगा, निवड आम्ही करू. जास्त डेटा आला तसा तो धोका खूपच कमी दिसायला लागला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषध सगळ्यांसाठी सुचवलं. तेव्हा ट्रायलमध्ये "गर्भनिरोधक घ्यावंच लागेल" अशी अट टाकताना ती खरंच लागते का विचारा, आणि लागत असेल तर कुठलं घ्यायचं ते तिला ठरवू द्या.

ट्रायल चालू असताना कुणाला दिवस गेले तर काय, हे आधीच लिहा. औषध थांबलं तरी ती अभ्यासातून फेकली जाता कामा नये, तिची आणि बाळाची काळजी, माहिती, पुढचा फॉलोअप, आणि तिला गरोदरपण नको असेल तर सुरक्षित कायदेशीर गर्भपातापर्यंत पोचण्याची सोय. सीआयओएमएस तर म्हणतं की गर्भाला व्यंगाचा धोका असू शकेल असं संशोधन साधारणपणे अशी सोय जिथे खात्रीने आहे तिथेच करावं.

पुरुषांचं एक, जाता जाता. पुरुषांसाठीच्या गर्भनिरोधक इंजेक्शनची ३२० जणांची ट्रायल २०११ मध्ये एका सेफ्टी पॅनलच्या सल्ल्याने आधीच थांबवली गेली, मूड बदलणं, नैराश्य, दुखणं अशा तक्रारींमुळे. इंटरनेटवर यावर खूप हसतात की बघा, बायकांनी हेच सगळं सोसलं आणि पुरुषांना झेपलं नाही. पण सहभागी पुरुषांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त जण पद्धत वापरायला तयार होते, थांबवलं ते पॅनलने. मला यात हसण्यासारखं वाटत नाही, तसंच पॅनल १९५६ मध्ये प्युर्टो रिकोत असायला हवं होतं.

तुमच्या मूळ अभ्यासाकडे परत येते, काही गोष्टी राहिल्यात. तुम्ही वय १६ पासून घेतलंय. अनेक ठिकाणी कायद्याने अल्पवयीन मुलीच्या शरीरसंबंधांची माहिती मिळाली की ती पोलिसांना किंवा बालसंरक्षण यंत्रणेला कळवावी लागते, मग तुम्ही "सगळं गुप्त राहील" असं लिहूच शकत नाही. तुमच्या हद्दीतला नियम आधी वकिलाकडून समजून घ्या आणि मुलीला तो पहिल्या प्रश्नाच्या आधी सांगा, नंतर सांगितलं तर तो दगा आहे. पालकांची परवानगी मागणंच तिला धोक्यात टाकत असेल तर कमिटी काही वेळा त्यातून सूट देऊ शकते, पण कायदा आड येतो तिथे कमिटीचं चालत नाही. पहिल्याच अभ्यासात मी असते तर १८ च्या खाली गेले नसते, हे माझं मत.

डेटाचं, नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या जागी, रेकॉर्डिंग लिहून झालं की पुसायचं, यादी जाळायची तारीख आत्ताच ठरवायची. आणि कोट वापरताना नाव बदललं म्हणजे झालं असं नाही. "१९ वर्षांची, जुळी मुलं, नवरा ट्रकवर" एवढ्यावर त्या भागातलं कुणीही ओळखतं. मुलाखतकार त्याच वस्तीतली घेऊ नका, भाषा येते म्हणून मोह होतो, पण तिलाच सगळं सांगायला बाया कचरतात. प्रवासखर्च द्या, फक्त असा द्या की घरी "हे कुठून आलं" असा प्रश्न पडणार नाही, अभ्यासाचा लोगो छापलेली पिशवी तर अजिबात नको. रेफरलची, म्हणजे मदत लागली तर बाईला कुठे पाठवायचं त्या ठिकाणांची, यादी तुम्ही प्रोटोकॉलला जोडलीय, त्यातल्या प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून बघा. आम्ही एकदा केला तेव्हा समुपदेशन केंद्राचा नंबर लागतच नव्हता. आणि मुलाखती घेणाऱ्या तुमच्या मुलींनाही आठवड्यातून एकदा मोकळं बोलायला जागा ठेवा, दिवसाला चार जणींचं ऐकून त्याही घरी जातात.

कमिटीला उत्तर पाठवताना चौदा शंकांना चौदा ओळी लिहू नका. आधी फोनची स्क्रिप्ट नव्याने लिहा, मग त्यावरून कन्सेंट दुरुस्त करा, अर्ध्या शंका तिथेच मिटतील. आणि फॉलोअपच्या रजिस्टरमध्ये "लॉस्ट टू फॉलोअप"च्या आधी एक रकाना ठेवा, "संपर्क करू नका", कारण विचारायचं नाही, नुसती तारीख. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून बहीण सांगून गेल्यावरही त्या बाईचं नाव पुढच्या महिन्याच्या कॉल लिस्टमध्ये परत आलं होतं.